रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट का दुखतं?

सकाळी ७:४०ची लोकल असायची. निघेपर्यंत माझं तीनदा पोट साफ झालेलं असायचं, आणि तरी चप्पल घालताना चौथी कळ यायची. प्लॅटफॉर्मवर डोक्यात एकच हिशोब: पुढच्या स्टेशनवर संडास कुठल्या टोकाला आहे? कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून आतड्याची तपासणी झाली, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. मग घरचे म्हणाले, ‘मनाचं आहे तुझ्या.’ फार लागतं हो हे.

नमस्कार मंडळी. आज आयबीएसबद्दल बोलूया, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: तपासण्या नॉर्मल येतात, तरी पोट वारंवार दुखतं आणि बिघडतं, तो आजार.

आधी एक सांगतो, दुखणं खरं असतं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. आयबीएसमध्ये हे जाळं हळवं होतं. गॅस दुसऱ्याच्या पोटात असतो तेवढाच, पण त्याला कळतही नाही आणि आपण कळवळतो. दुर्बिणीतून आतडं दिसतं, त्याचा हळवेपणा कसा दिसणार?

परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा कुणाला येत नाही? ताण आला की मोठं आतडं जोरात हलायला लागतं. आपल्याला त्याचीच धास्ती बसते, ‘गाडीत लागली तर?’ आणि त्या धास्तीनेच पुन्हा कळ येते.

म्हणूनच इथे मनावरचे उपचार पोटाला लागू पडतात. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ सालीच संमोहनाने आयबीएसच्या रुग्णांना आराम पडल्याचं दाखवलं होतं. डॉक्टर कधी अगदी कमी डोसमध्ये अमिट्रिप्टिलिन देतात. लोक गूगल करतात, ‘ही तर डिप्रेशनची गोळी!’ म्हणतात आणि परस्पर बंद करतात. असं करू नका. ती वेडाची गोळी नाही, आतड्याच्या नसा शांत करायला दिलेली असते.

खाण्याचं म्हणाल तर कांदा, लसूण, राजमा, गहू यांनी अनेकांना गॅस धरतो. चार ते सहा आठवडे बंद करून बघा, शक्यतो आहारतज्ज्ञाला विचारून, आणि मग एकेक परत सुरू करा. सगळं कायमचं सोडून उपाशी राहू नका. इसबगोल चालतं, गव्हाच्या कोंड्याने मात्र बऱ्याच जणांचं पोट जास्तच फुगतं. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो वेळेवर झोपल्याने आणि उभ्याउभ्या जेवणं सोडल्याने.

आणि शौचातून रक्त पडत असेल, वजन आपोआप उतरत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, रात्री झोपेतून उठून पळावं लागत असेल किंवा पन्नाशीनंतर हे पहिल्यांदाच सुरू झालं असेल, तर आयबीएस समजून घरी बसू नका. व्हिडिओ इथेच थांबवा आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या.