कॉनिस्टन १९२८: रक्षकच बंदूक घेऊन निघाला तेव्हा

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या हत्याकांडाची ही गोष्ट फार जुनी नाहीये हां, १९२८ ची आहे, आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजी-आजोबा तेव्हा जन्मलेले होते.

मध्य ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वर कॉनिस्टन नावाचं स्टेशन आहे, स्टेशन म्हणजे तिकडे गोऱ्यांची गुरं पाळायची अफाट जमीन. त्या वर्षी दुष्काळ एवढा होता की वालपिरी, म्हणजे तिथले आदिवासी लोक, मिळेल त्या झिऱ्यावर यायला लागले, आणि त्याच पाण्यावर गोऱ्यांची गुरं. मग ऑगस्टमध्ये फ्रेड ब्रुक्स नावाच्या डिंगो (तिकडचे जंगली कुत्रे) पकडणाऱ्या म्हाताऱ्याचा झिऱ्यापाशीच खून झाला. वालपिरी सांगतात की त्याने बुलफ्रॉग नावाच्या वालपिरी माणसाची बायको स्वतःकडे ठेवून घेतली, परत पाठवेना, म्हणून बुलफ्रॉगने त्याला मारलं.

आता तपासाला कोण गेलं? कॉन्स्टेबल जॉर्ज मरे. पहिल्या महायुद्धात लढून आलेला, आणि ऐका, त्याच भागात आदिवासींचा ‘प्रोटेक्टर’ म्हणजे सरकारी रक्षकही हाच! त्याने घोडेस्वार घेतले आणि ऑक्टोबरपर्यंत एकेका तळावर जाऊन गोळ्या घातल्या. ज्यांनी ब्रुक्सचं नावसुद्धा ऐकलं नसेल असे लोक मेले, बायकाही मेल्या. पुढे ब्रुक्सच्या खुनासाठी दोघा आदिवासींना डार्विनच्या कोर्टात उभं केलं, ते निर्दोष सुटले, पण तिथेच मरेने सांगून टाकलं की आम्ही १७ जण मारले, तेही अगदी सरळ सांगितलं, लपवायची गरजच वाटली नाही त्याला.

बोभाटा झाल्यावर सरकारने तीन जणांची चौकशी समिती नेमली आणि त्यात एक होता कॉवूड, मरेचा वरिष्ठ, ज्याने त्याला पाठवलं होतं तोच! आदिवासींच्या बाजूने वकील नाही, जे वाचले त्यांना कुणी विचारलं नाही. १९२९ मध्ये निकाल काय, तर ३१ मेले आणि सगळे स्वसंरक्षणात. वालपिरी, अनमाटियर, कायटेय या आदिवासी जमातींच्या घराण्यांमध्ये मात्र आपली कोण कोण माणसं गेली ते नावानिशी सांगत आलेत, आणि त्यांचा आकडा शंभराच्या पुढे जातो. मला विचाराल तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवेन, कारण ३१ हा आकडा मारणाऱ्यांनीच दिलेला आहे ना.

नॉर्दर्न टेरिटरीच्या, म्हणजे त्याच प्रांताच्या पोलिसांनी माफी मागितली ती २०१८ मध्ये, ९० वर्षांनी. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं म्हणतात तो बुलफ्रॉग? तो कधी सापडलाच नाही, म्हातारा होऊन गेला.