घराची चावी आणि पहाटेची बस

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय ‘परवडणारी घरं आणि सार्वजनिक वाहतुकीचा पैसा’ असा छापलाय. आकड्यांकडे मी येणार आहेच, पण आधी एका कॅलेंडरबद्दल सांगते.

आमचं घर वडाळ्याजवळ रुळांच्या कडेला होतं. घर म्हणजे झोपडंच. आई हिंदू कॉलनीत चार घरची धुणीभांडी करायची. पंचवीस मिनिटं चालत जायची, तशीच चालत परत यायची. मी सातवीत असताना ते झोपडं एका प्रकल्पात गेलं आणि मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर आम्हाला खोली मिळाली. पक्क्या भिंती, घरात नळ, स्वतःचा संडास. पहिल्या रात्री आईनं दाराची कडी लावली, काढली, परत लावली. असं तीन-चार वेळा केलं. आमच्या जुन्या दाराला कडी नव्हती, सुतळी होती. त्या रात्रीचा तिचा आनंद मी कधीच कमी लेखणार नाही. घर मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. आईचं पहिलं काम सातचं, कारण त्या घरातले नवरा-बायको दोघं नोकरीला जायचे. आता वसाहतीपासून स्टेशनपर्यंत बस, मग हार्बरनं कुर्ला, तिथे पूल ओलांडून मेन लाइनची स्लो पकडायची, माटुंग्याला उतरायचं आणि पुढे चालायचं. ट्रेन वेळेवर असायची. भरवसा नव्हता तो त्या पहिल्या तुकड्याचा, बसचा. कधी दहा मिनिटांत यायची, कधी चाळीस मिनिटांनी. आई पावणेआठला पोचायची. त्या बाईंनी दोन महिने सांभाळून घेतलं आणि मग म्हणाल्या, “मावशी, आमचं नाही हो जमणार आता.” त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. दुसरं काम आईनं स्वतःच सोडलं, दिवसाला तास पुरेनात म्हणून. चारची दोन घरं झाली. पगार निम्म्यावर आला आणि जिथे भाड्याला एक पैसा लागत नव्हता, तिथे रोज लागायला लागला.

आता कॅलेंडर. आईला अक्षरओळख जेमतेम होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज संध्याकाळी पेन्सिलनं खूण करायची. बसनं गेली की उभी रेघ, स्टेशनपर्यंत चालत गेली की गोल. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रेघाच रेघा असायच्या. पंधरा तारखेनंतर मध्येमध्ये गोल दिसायचे. वीसच्या पुढे सगळे गोल. जून-जुलैचं पानही तसंच, भर पावसातसुद्धा गोल. ती कॅलेंडरं मी जपून ठेवली आहेत. वाहतुकीचं अर्थशास्त्र मी पुढे पुस्तकांतून शिकले, पण त्या पानांतून जे कळलं ते कुठल्याही तक्त्यातून कळलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकार किंवा पालिका गरिबाला घर देते तेव्हा त्या घराच्या किमतीत बसची किंमत धरलीच पाहिजे. पाण्याची जोडणी दिल्याशिवाय इमारत वापरायला देता येत नाही. तशी बसची फेरी सुरू झाल्याशिवाय चावी देता कामा नये.

ही चूक आपल्या शहरात शंभर वर्षं जुनी आहे. 1920 साली मुंबई सरकारनं विकास खातं उघडलं आणि कामगारांसाठी चाळी बांधायला घेतल्या. पैसा कुठून आणला? शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसवला. ज्या धंद्याला कामगार लागतात, त्याच धंद्यानं त्यांच्या निवाऱ्याला हातभार लावायचा, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. त्या पैशातून वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या. त्याच या बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळी. पण वरळीच्या बऱ्याच खोल्या कितीतरी वर्षं रिकाम्या पडून होत्या. गिरण्या लांब, बाजार नाही, जायला वाहन नाही. गिरणीचा भोंगा झाला की पाच-दहा मिनिटांत दारात हजर व्हायचं अशी ज्याची नोकरी, तो तिथे राहायला जाईल कशाला? लालबागच्या एका खोलीत दहा-बारा माणसांत राहणं त्याला परवडत होतं, कारण तिथून गिरणी चालत गाठता यायची. शेवटी सत्याग्रहाच्या दिवसांत सरकारनं वरळीच्या त्या चाळींचा तुरुंग केला. मुंबईतली पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली, ती 1926 साली. म्हणजे घरं आधी आली, बस नंतर, आणि तीसुद्धा भलत्याच रस्त्यावर.

पुढे मात्र या शहराला एक चांगली वाट सापडली होती. 1947 साली पालिकेनं वीज आणि वाहतूक दोन्ही आपल्या ताब्यात घेतलं, तोच बेस्ट उपक्रम. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्टची वीज आणि मुंबईभर बेस्टची बस. विजेत जे उरायचं त्यातून बसची तूट भरून निघायची. मलबार हिलवरच्या बंगल्यात दिवा लागला की त्याच्या बिलातला एक वाटा गोवंडीच्या बसच्या डिझेलला जायचा. कुणाला उपकार वाटू नयेत आणि कुणाचा हात पसरला जाऊ नये, अशी ती व्यवस्था होती. विजेच्या ग्राहकानं बसचा तोटा का भरायचा, हा प्रश्न नियामकांपुढे आणि न्यायालयापुढे गेला आणि गेल्या दशकात ती वाट बंद झाली. कायद्याच्या बाजूनं त्यात तथ्य असेलही. पण एक वाट बंद केली तर दुसरी उघडायला हवी होती. ती उघडली नाही, याचं मला वाईट वाटतं.

परिणाम तुम्ही थांब्यावर रोज बघता. 2010 च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांहून जास्त बस होत्या, आज तीन हजारांच्याही आत आहेत. त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या, भाड्यानं घेतलेल्या. 2019 मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, तेव्हा माझ्या वसाहतीतल्या बायका परत बसमध्ये चढल्या. मी स्वतः पाहिलंय. मे 2025 मध्ये तेच भाडं दहा रुपये झालं, एसीचं बारा. सव्वीस दिवस, दोन वेळा, एसी बस धरा. महिन्याचे 624 रुपये, तेही फक्त स्टेशनपर्यंतचे. लोकलचा पास वेगळा. दहा हजारांत घर चालवणाऱ्या बाईसाठी हे सहाशे रुपये म्हणजे गॅसच्या सिलिंडरचे पैसे आहेत, मुलाच्या वह्यांचे आहेत.

मला नेहमी सांगतात, “ताई, बस तोट्यात आहे, पैसा कुठून आणायचा?” मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. त्यात बेस्टला 1,000 कोटी. शंभर रुपयांतला साधारण सव्वा रुपया. किनारी रस्त्याला याच पालिकेनं 13,000 कोटींहून जास्त खर्च केला. त्यावर टोल नाही, तिकीट नाही. तो रस्ता तोट्यात चालला आहे असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. रस्ता ही सोय आहे, त्याचा फायदा शहराला मिळतो. मग बसचाच हिशोब वेगळ्या वहीत का मांडायचा? गाडी असलेल्याला दिलेला पैसा गुंतवणूक आणि थांब्यावर उभ्या असलेल्याला दिलेला पैसा तोटा, ही भाषा आपण सोडायला हवी.

आणि पैसा नाही हे खरं नाही. 1 एप्रिल 2022 पासून मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्काशिवाय घराच्या किमतीवर 1 टक्का जास्तीचा अधिभार लागतो, ज्याला आपण मेट्रो सेस म्हणतो. एक कोटीचं घर म्हणजे एक लाख रुपये. त्या एका लाखात दीडशेहून जास्त बायकांचा महिन्याभराचा बसप्रवास निघतो. मेट्रो मला हवी आहे. भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत जाते, मीही तिनं जाते. पण तिचं तिकीट दहापासून सत्तर रुपयांपर्यंत आहे आणि मानखुर्दच्या वसाहतीतून ती दिसतही नाही. वाहतुकीच्या नावानं गोळा होणाऱ्या या पैशातला ठरलेला वाटा पुनर्वसन वसाहतींच्या आणि म्हाडाच्या घरांच्या बसला मिळावा. हा कायमचा हक्काचा वाटा असावा, दरवर्षी मागायला लागणारं अनुदान नको.

राज्यानं मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. आमच्या वसाहतीतल्या बायकांना त्याचा आनंद आहे. पण त्या एसटीनं वर्षातून दोनदा गावी जातात. कामाला रोज जातात त्या बसमध्ये पूर्ण तिकीट लागतं.

गिरणी कामगारांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. जुलै 2025 मध्ये म्हातारी माणसं, कामगारांच्या विधवा आझाद मैदानावर जमल्या. सरकार देऊ करतंय ती घरं शेलूला, वांगणीला नकोत, मुंबईत द्या, हे त्यांचं म्हणणं. बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवरची ही स्टेशनं. फास्ट लोकलमध्ये लोंबकळत दीड-दोन तास. काही जण म्हणाले, फुकटात मिळतंय तरी यांची तक्रार. मी त्यांना माझ्या आईचं कॅलेंडर दाखवेन. माहुलच्या पुनर्वसन वसाहतीचं तर काय सांगू. तिथला प्रश्न मुख्यतः रिफायनऱ्यांशेजारच्या हवेचा, आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयानं कुटुंबांना दुसरीकडे राहायला दरमहा 15,000 रुपये भाडं द्यायला सांगितलं. पण तिथल्या बायकांशी बोला. हवेनंतरचं दुसरं वाक्य कामावर पोचण्याबद्दलचं असतं.

आमच्या वसाहतीत पहाटेची बस यावी म्हणून आम्ही तीन वर्षं अर्ज केले. एका साहेबांनी सांगितलं, पहाटे प्रवासी नसतात. मग आम्ही आठ जणी सलग सहा दिवस पहाटे साडेचारपासून गेटवर वही घेऊन बसलो. कोण चालत गेलं, कोण शेअर रिक्षात कोंबून गेलं, प्रत्येक डोकं लिहिलं. ती वही टेबलावर ठेवल्यावर सव्वापाचची फेरी सुरू झाली. आईचं तेव्हा काम सुटलं होतं, गुडघे गेले होते. तरी पहिल्या दिवशी ती खाली उतरली, बसमध्ये बसली, स्टेशनपर्यंत गेली आणि त्याच बसनं परत आली. घरी येऊन कॅलेंडरवर उभी रेघ मारली.

ती फेरी गेल्या वर्षी बंद झाली आहे. गाड्या कमी आहेत, असं कारण कळवलं.

आपण दादरमध्ये बसलो आहोत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी उद्या सकाळी कामाला बाई येईल. ती कुठून येते, किती वाजता निघते, किती ठिकाणी बदलते आणि महिन्याला भाड्याचे किती रुपये मोजते, एवढं तिला विचारा. दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे, तशीच जशी आम्ही गेटवर ठेवली होती. आज जाताना तुमचा फोन नंबर त्यात लिहा. येत्या रविवारी मी एकेकाला फोन करून ही माहिती लिहून घेईन आणि सोमवारी आम्ही ती वही घेऊन परत जाणार आहोत.