घाट उतरायच्या आधीचं इंजेक्शन

मेळघाटातल्या धारणीहून निघालं की हरिसाल, सेमाडोह, मग घाट उतरून परतवाडा आणि पुढं अमरावती, सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात पावसाळ्यात रस्त्यावर झाड पडलं की 108 तिथंच उभी. अशा गाडीत सहाव्या महिन्याची बाई आहे, बीपी 170/110, असं समजा.

सकाळी उपकेंद्रात ती एवढंच म्हणत होती, सिस्टर डोकं लय दुखून राहिलं, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली. पायावर सूज बऱ्याच जणींना येते म्हणून कोणी मनावर घेत नाही, पण तोंड सुजलं, हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या की बीपी बघायलाच पाहिजे. सिस्टरनं बीपी घेतला, लघवीत पट्टी बुडवली, पिवळी पट्टी हिरवी झाली, म्हणजे लघवीतून प्रोटीन जातंय. ओळखायला एवढं पुरतं.

हा प्रीएक्लॅम्पसिया, गरोदरपणात बीपी वाढायचा आजार. पाचव्या महिन्यानंतर कधीही होतो, मूळ वारेत (प्लासेंटात) असतं, आणि बीपी 160/110 च्या वर गेला की झटक्यांची भीती. झटके आले की बाहेरचं लागलं म्हणून काही घरचे आधी भुमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे नेतात, त्यांचा राग करू नका, पण तो वेळ परत मिळत नाही हो.

म्हणून गाडी यायच्या आधीच मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. दोन्ही कुल्ल्यांत खोल, 5-5 ग्रॅम. दुखतं, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं होतं, ते बाईला आधी सांगा नाहीतर ती घाबरते. 2002 मध्ये 33 देशांतल्या दहा हजारांवर बायांचा अभ्यास आला, त्यात या स्वस्त औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला! बीपीसाठी निफेडिपिनची गोळी गिळायला द्यायची, जिभेखाली नाही. वाटेत बाईला डाव्या कुशीवर ठेवायचं, श्वास मोजत राहायचं, मिनिटाला 16 च्या खाली आला तर मॅगसल्फचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ पाहिजे.

पुढचं अवघड आहे. हा आजार बाळंतपणानंच सुटतो आणि सहाव्या महिन्याचं बाळ अजून तयार नसतं. आई स्थिर असली तर मोठ्या दवाखान्यात थोडे दिवस काढता येतात, बाळाच्या फुप्फुसासाठी स्टिरॉइड देता येतं, पण तिचा जीव धोक्यात आला तर थांबायचं नाही, आणि हे नवऱ्याला, सासूला गाडीत बसायच्या आधी नीट समजावून सांगा.

आणि रेफरच्या चिठ्ठीवर मॅगसल्फ किती वाजता दिलं ते मोठ्या अक्षरात लिहा, पुढचा डोस तिथले डॉक्टर त्याच वेळेपासून 4 तास मोजून देतात.