आपला प्रश्न घेऊन जगाकडे

श्रोतेहो, नमस्कार.

हिस्लॉप कॉलेजवरून आपलं येणंजाणं नेहमीचंच. ते ज्यांच्या नावाचं आहे, ते स्टीफन हिस्लॉप 1840च्या दशकात स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून नागपूरला आले आणि धर्मप्रचाराच्या कामातून वेळ काढून त्यांनी इथले खडक पालथे घातले. टाकळीच्या दगडांत त्यांना गोगलगायींची कवचं, कीटकांचे आणि वनस्पतींचे अवशेष मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मांगलीची एक उभयचर प्राण्याची कवटी त्यांच्या हाती लागली आणि लंडनला पोचली. 1855 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध करून तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे तेच हे ओवेन.

दगड विदर्भाचा, प्रश्न लंडनचा आणि नावही लंडनने दिलेलं. पीएच.डी. करणारे आणि नुकतेच असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलेले जे तरुण आज ऐकताहेत, त्यांच्याशी मला याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. परदेशातल्या संशोधकांशी भागीदारी करा, जरूर करा. फक्त त्या भागीदारीत प्रश्न तुमचा असू द्या.

असं आपल्याकडे झालेलंही आहे. लोणारचं विवर उल्कापाताने झालं, हे आज शाळेतलं पोरही सांगतं. पण ते ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद बराच काळ चालला होता. 1973 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि उल्केची बाजू पक्की झाली. त्याचे लेखक चार. दोघे अमेरिकेतल्या संस्थांमधले, दोघे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. विवराच्या तळात बोअर घेऊन खालचे नमुने काढले, त्यात धडकेच्या प्रचंड दाबाने काचेसारखी झालेली खनिजं सापडली. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना लोणारचं एवढं अगत्य का वाटावं? तेव्हा त्यांच्या हाती चंद्रावरून आणलेले दगड होते, चंद्रावरची काळी मैदानं बसाल्टची, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची आहेत आणि पृथ्वीवर बसाल्टात झालेली उल्काविवरं अगदी थोडी. म्हणजे त्यांना जे हवं होतं, ते बुलडाणा जिल्ह्यात होतं.

दुसरी गोष्ट धनंजय मोहबे यांची. ते भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते, पुढे आपल्या नागपूर विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाशीही त्यांचं नाव जोडलं गेलं. 1980च्या दशकात गुजरातेतल्या धोली डुंगरी इथे त्यांना डायनोसॉरच्या अंड्यांची कवचं आणि बारीक हाडं असलेला एक दगड सापडला. 2001 मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन त्यांना भेटायला आले. विल्सननी तो दगड निरखून पाहिला, तेव्हा त्यांना काही मणक्यांची रचना सापाच्या मणक्यांसारखी दिसली. डायनोसॉरच्या घरट्यात साप! मग 2004 मध्ये रीतसर करार झाला, दगड मिशिगनला नेऊन सावकाश साफ केला गेला आणि 2010 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा तो साप, त्याचं नाव सनाजे इंडिकस. संस्कृतात 'सनाजे'चा अर्थ प्राचीन जबड्याचा, असा लावतात. लेखकांच्या यादीत मोहबे यांचं नाव दुसरं आहे.

तारखा पुन्हा बघा. सापडलं 1980च्या दशकात, जगाला कळलं 2010 ला. आपल्या तरुण मुलांना भागीदारी सहा महिन्यांत हवी असते, सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर झाला की लगेच. त्यांची घाई मला समजते, फेलोशिपची मुदत डोक्यावर असते. पण इथे काय घडलं ते नीट पाहा. मोहबे यांनी तो दगड सापडल्यावर जपून ठेवला, नोंद ठेवली, आणि आलेल्या पाहुण्याला तो खुलेपणाने दाखवला. भागीदारीची सुरुवात या तीन कामांनी झाली, एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, नंतर आला. आपल्या विद्यापीठांमध्ये उलटं चालतं. आधी सभागृहात एमओयूवर सह्या, हारतुरे, फोटो, आणि मग त्या कागदाखाली काम कोण करणार याचा शोध. दोन माणसांचं काम आधी सुरू झालेलं असेल, तरच संस्थेच्या करारात जीव असतो, असं माझं ठाम मत आहे.

मग नागपुरात बसलेल्या मुलाने किंवा मुलीने सुरुवात कुठून करायची? आधी आपल्याकडे काय आहे ते मोजायचं. कापसाची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात, संत्र्याची नागपुरात, देशाच्या मातीचं सर्वेक्षण करणाऱ्या ब्यूरोचं मुख्यालय नागपुरात, 1958 पासून पाणी आणि पर्यावरणावर काम करणारी नीरी नागपुरात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण विदर्भात मोठ्या संख्येने आहेत. मे महिन्यातला आपला उन्हाळा सोसून माणसं कशी काम करतात, हा प्रश्न आता युरोपातल्या शहरांनाही पडतोय. ताडोबा आणि पेंचच्या मधल्या गावांतून वाघ कसे ये-जा करतात, हे अभ्यासायला इतकी जवळची जागा जगात कितीजणांकडे आहे?

माझ्या परिचयातली एक संशोधक मुलगी यवतमाळ जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर काम करते. तिने आधी सगळे करतात तसाच ई-मेल पाठवला होता. 'रिस्पेक्टेड सर, आपल्या नामवंत प्रयोगशाळेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे', सोबत चार पानांचा बायोडेटा. एकच मजकूर अनेकांना. उत्तर कुणाचंही नाही. मग आम्ही बसून तो नव्याने लिहिला, आठ ओळींत. त्याचा आशय असा: 'पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर फ्लोराइड कमी मिळतं, असं तुमच्या पेपरात दिसतं. माझ्या बहुतेक विहिरींत तसंच आहे. पण तीन विहिरींत दोन्ही जास्त आहेत. पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे आकडे सोबत जोडलेत. खतांचा संबंध असेल का, की खडकाचा? तुमचं मत कळलं तर मी पुढच्या फेरीत नमुने त्याप्रमाणे घेईन.' बायोडेटा नाही, इच्छा नाही, विनंतीचा पाढा नाही. चार दिवसांत उत्तर आलं आणि त्यात तीन उलट प्रश्न होते. उलट प्रश्न आले की समजायचं, समोरचा माणूस कामाला लागलाय.

असा ई-मेल लिहायचा तर समोरच्याचा पेपर मुळापासून वाचलेला हवा. आजवर राज्य विद्यापीठांतल्या मुलांची खरी अडचण तिथेच होती, पेपर उघडायला गेलं की पैसे मागायचे. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना 2025 पासून सुरू झाली आहे. तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना तिच्यातून मिळतात. आपल्या ग्रंथपालांकडे जाऊन लॉगिनची चौकशी करा. आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख सांगणारा क्रमांक काढून घ्या, फुकट मिळतो. पाटील, देशमुख, मेश्राम या आडनावांचे शेकडो संशोधक आहेत, तुमचं काम तुमच्याच नावावर लागायला तो सोळा अंकी क्रमांक लागतो.

पैशांचं आता थोडक्यात. पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांना फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करता येतं. फ्रान्ससाठी रामन-शार्पाक आहे, जर्मनीसाठी डाड (DAAD) या तिथल्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या योजना. पीएच.डी. हातात आल्यावर युरोपची मारी क्युरी फेलोशिप कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली असते. ज्या देशात जायचं तिथे गेल्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं, ही तिची मुख्य अट. शिक्षकांनी परदेशी संस्थांबरोबरच्या संयुक्त संशोधनासाठी असलेल्या आपल्या देशाच्या स्पार्क योजनेवर लक्ष ठेवावं, 2018 पासून ती चालू आहे आणि तिच्यात संस्थेचं मानांकन बघतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. तिकडच्या यजमान प्राध्यापकाचं पत्र नसेल तर अर्ज लंगडा पडतो, आणि ते पत्र मघाच्या त्या आठ ओळींतूनच येतं.

आता मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते ते. आपल्याकडे शेत बटईने द्यायचं असलं की बियाणं कोणाचं, खत कोणाचं, पिकाचा वाटा किती, हे पेरणीच्या आधी ठरतं. कापूस घरात आल्यावर कोणी ठरवत नाही. संशोधनात मात्र आपण संकोचतो. मोठ्या माणसाशी वाट्याचं कसं बोलायचं? बोला, आणि पहिल्याच महिन्यात बोला. पहिला लेखक कोण, पत्रव्यवहाराचा लेखक कोण, कच्चा डेटा कोणाकडे राहील, नमुन्यांचं उरलेलं काय करायचं, पेटंट निघालं तर काय. एका पानाचा ई-मेल पाठवा आणि 'मान्य' एवढं उत्तर मिळवा. चांगला शास्त्रज्ञ याने दुखावत नाही, उलट त्याला हायसं वाटतं. जो दुखावतो त्याच्याकडे नमुने पाठवूच नका.

कायद्याचंही तसंच. वनस्पती, बुरशी, कीटक, जिवाणू असे नमुने संशोधनासाठी परदेशी पाठवायचे असतील तर 2002चा जैवविविधता कायदा लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पाहावी लागते. माणसांच्या रक्ताचे नमुने, आरोग्याची माहिती असेल तर संस्थेची एथिक्स कमिटी आणि त्यापुढे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. सिकलसेलवर काम करणाऱ्यांनी हे विसरून चालणारच नाही. गडचिरोलीतल्या एखाद्या बाईने विश्वासाने दंड पुढे केलेला असतो. तिचं रक्त कुठे जातंय आणि कशासाठी, हे तिला तिच्या भाषेत, माडियात किंवा गोंडीत, सांगितलेलं असलं पाहिजे.

आणि प्रत्येक गोष्टीसाठी परदेश कशाला? जी मशीन हवी ती आपल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत किंवा नीरीत असेल तर अर्ज करा, ऑटोने पोचता येतं. बाहेरचं बोलावणं म्हणून येणाऱ्या ई-मेलांपासूनही सांभाळा. ज्या परिषदेचं नाव तुमच्या गाईडने कधी ऐकलेलं नाही, आणि जी निबंध न वाचता आधी शुल्क मागते, तिच्यावर वडिलांचे पैसे घालू नका.

आज ऐकणाऱ्यांत काही आईवडील असतील. मुलगी नऊ महिने एकटी परदेशी, ही धास्ती मी अनेक घरांत पाहिली आहे. तिच्या यजमान प्राध्यापकाशी तुम्हीही व्हिडिओ कॉलवर एकदा बोला. बहुतेक जण आनंदाने बोलतात. जर्मनीत उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे आपलं रात्रीचं जेवण होतं तेव्हा तिची संध्याकाळ असते, रोज बोलणं होतं.

विभागप्रमुखांना आणि कार्यालयातल्या मंडळींना माझी एक आग्रहाची विनंती आहे. यजमानाचं पत्र आल्यावर एनओसीची, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्राची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते आणि अर्जाची तारीख निघून जाते. ती मुलगी दर दोन दिवसांनी जिना चढून विचारायला येते, तिला 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' एवढंच ऐकू येतं. तिची फाईल तुमच्या टेबलावर असेल तर उद्या सकाळी ती पहिली काढा.

नमस्कार.