टॉमीच्या वाट्याला शांतता आलीच नाही

(दृश्य : मेहेराबादची टेकडी, सकाळ. पायथ्याशी रेल्वेचे रूळ.)

नगरहून दौंड रस्त्याला लागलं की अरणगावपाशी मेहेराबाद येतं. रूळ ओलांडून चढण चढली की वर मेहेरबाबांची, मौन पाळणाऱ्या त्या आध्यात्मिक गुरूंची, समाधी. ३१ जानेवारीला, अमरतिथीला म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, इथे हजारो माणसं जमतात आणि दुपारी बारा ते सव्वाबारा अशी पंधरा मिनिटं कुणीही बोलत नाही. लहानपणी आजीचा हात धरून मी त्या गर्दीत बसलोय. मंडपाच्या कापडाची फडफड, कुणाचा तरी खोकला, बस्स.

म्हणून ‘टॉमी’ हा सिनेमा मी घरचं काही बघायला मिळणार अशा ओढीनं लावला. आणि फार निराश झालो.

(दृश्य : फिरणारी तबकडी, सुई जवळून.)

लंडनच्या ‘द हू’ या रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड १९६०च्या दशकाच्या अखेरीस मेहेरबाबांचा अनुयायी झाला. बाबा मूळचे पुण्याचे. १० जुलै १९२५ला त्यांनी मौन धरलं. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून, नंतर नुसत्या हाताच्या खुणांनी ते सांगायचे. ३१ जानेवारी १९६९ला त्यांनी देह ठेवला, तोवर मौन सुटलं नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात ‘टॉमी’ ही दोन तबकड्यांची रॉक ऑपेरा, म्हणजे रॉक गाण्यांतून सांगितलेली एक सलग गोष्ट, आली. वेष्टनावरच्या श्रेयनामावलीत बाबांचंही नाव होतं.

गोष्ट अशी. लहानगा टॉमी आरशात एक खून पाहतो. घरचे त्याला दटावतात, तू काही पाहिलं नाहीस, काही ऐकलं नाहीस, कुणाला काही सांगायचं नाही. आणि पोर खरंच आंधळं, बहिरं, मुकं होतं. पण त्याच्या आत काहीतरी जागं राहतं. हे आतलं जग रेकॉर्डवर कुणी समजावून सांगत नाही. तिथे दहा मिनिटांची एक रचना आहे. गिटार आणि ड्रम पुढे पुढे जात राहतात, शब्द एकही नाही. रात्री दिवा मालवून ती ऐकली की आपण टॉमीच्या मिटलेल्या पापण्यांमागे जाऊन बसतो. मी कितीदा तरी बसलोय.

१९७५ साली केन रसेलनं यावर सिनेमा केला. त्यात नेमकी हीच रचना नाही.

(दृश्य : अंधारी खोली, पडद्याचा उजेड भिंतीवर.)

सिनेमात साधे संवाद जवळपास नाहीतच, सगळं गाण्यांतून. तेही चाललं असतं. पण एक गाणं संपतं न संपतं तोच दुसरं अंगावर येतं. सिंथेसायझरचा थर प्रत्येक फटीत भरलेला. आणि याला एकटा रसेल जबाबदार नाही, सिनेमाचं संगीत टाउनशेंडनंच नव्यानं बांधलं होतं. ते मला जास्त लागलं.

एक प्रसंग सांगतो. टॉमीची आई, अ‍ॅन-मार्गरेट, पांढऱ्याशुभ्र खोलीत एकटी आहे. टीव्हीवर मुलगा दिसतो, तो तिला सहन होत नाही. बाटली भिरकावली जाते, काच फुटते आणि टीव्हीतून साबणाचा फेस येतो, मग टोमॅटोच्या रसातले बीन्स, मग चॉकलेट. ती त्यात लोळते. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि तिनं खरोखर जीव ओतलाय. पण त्या राड्यात मुलाबद्दलच्या अपराधीपणाचं ओझं वाहणारी आई मला सापडेना. मला दिसत राहिला तो फक्त गालिच्यावरचा चिखल.

काही ठिकाणी मात्र रसेलला वर्म सापडलंय, हे कबूल करायला हवं. मर्लिन मन्रोच्या पुतळ्याचा मठ आहे, एरिक क्लॅप्टन तिथला पुजारी. आजारी, अपंग माणसं रांगेनं येऊन त्या पुतळ्याला स्पर्श करतात आणि तशीच परत जातात. तसंच टीना टर्नरचं नशेचं गाणं. एलएसडीनं देव भेटत नाही असं बाबांनी पाश्चात्त्य तरुणांना बजावलं होतं. ती धास्ती या गाण्यात अंगावर येते.

पण टॉमी स्वतः? रॉजर डाल्ट्री निळ्या डोळ्यांनी समोर बघत उभा राहतो आणि त्याच्याभोवती सगळे ओरडत असतात. ज्या मुलाला काही ऐकू येत नाही, त्याच्याबरोबर कॅमेरा एक मिनिटभरही शांत बसत नाही. बाबांच्या मौनाजवळून निघालेल्या गोष्टीत असं व्हावं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

(दृश्य : पुन्हा टेकडी. संध्याकाळ.)

शेवटाकडे टॉमी पाण्यातून, दगडांवरून एक डोंगर चढतो. वर सूर्य. मी आवाज पूर्ण बंद केला. ओल्या अंगाचा एक माणूस धापा टाकत वर जाताना दिसला. मग मागे जाऊन तेवढाच भाग परत लावला. तसाच, बिनआवाजाचा.

(निवेदन थांबते. टेकडीवरचा वारा. दुरून दौंडकडे जाणारी गाडी.)