नळकांडं कुणी घडवलं?

(दृश्य: श्रीहरिकोटा, उड्डाण)

१४ जुलै २०२३, दुपारचे २ वाजून ३५ मिनिटं. हे चित्र तुम्ही मोबाइलवर कितीदा तरी पाहिलं असेल. चांद्रयान-३ निघालंय. सगळ्यांची नजर टोकाकडे, कारण यान तिथे आहे. तुम्ही जरा खाली बघा. मधल्या अग्निबाणाच्या दोन अंगांना ती दोन जाडजूड नळकांडी आहेत ना, या घडीला पेटलीत ती तेवढीच. मधली इंजिनं अजून गार आहेत. त्यांची पाळी यायला पावणेदोन मिनिटं आहेत. तोवर ६४० टनांच्या या सगळ्या डोलाऱ्याला वर नेण्याचं काम या दोघांचं.

यांचं नाव एस-२००. प्रत्येकात दोनशे टनांहून जास्त घन इंधन. आराखडा इस्रोचा, इंधन ओतलं श्रीहरिकोटात. पण ज्या पोलादी कवचात ते ओतलं, ते कवच कुठलं?

(दृश्य: उसाचे फड, वालचंदनगरचा रस्ता)

पुणे जिल्हा, इंदापूर तालुका. कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना उभा केला, त्याभोवती गाव वसलं. १९४० मध्ये याच गृहस्थांनी बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्टही काढली. आजच्या एचएएलची ती सुरुवात. इथल्या वर्कशॉपने मात्र साखर कारखान्यांची अवजड यंत्रं बनवण्यात नाव कमावलं.

इस्रोची स्थापना १९६९ची. सत्तरच्या दशकात एसएलव्ही-३ची, म्हणजे उपग्रह सोडणाऱ्या भारताच्या पहिल्या अग्निबाणाची, जुळवाजुळव सुरू झाली. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. कवचासाठी नवा सरकारी कारखाना बांधत बसायचं, की ज्यांचा हात आधीच पोलादावर बसलाय त्यांच्याकडे जायचं? इस्रो वालचंदनगरला आली. आमच्या मते त्या काळातला हा सर्वांत शहाणा निर्णय, आणि सर्वांत कमी सांगितला गेलेला. १० ऑगस्ट १९७९ची पहिली झेप फसली, ती दुसऱ्या टप्प्यातल्या गळतीमुळे. १८ जुलै १९८०ला रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला.

(दृश्य: शॉप फ्लोअर, पत्रा वाकवण्याचं यंत्र)

आता हा पत्रा बघा. मॅरेजिंग स्टील. यात साधारण १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम. कार्बन मात्र नावापुरता. साधं पोलाद कडक होतं ते कार्बनमुळे. याचं गणितच वेगळं. आत्ता ते मऊ आहे, म्हणून तर रोलरवर असं निमूट वळतंय. वळून, जोडून, कातून झालं की भट्टीत जाईल. ४८० अंशांच्या आसपास काही तास. बाहेर येईल तेव्हा त्याच्या वाटेला जायची सोय नाही. म्हणजे काय चुकायचं ते भट्टीच्या आधीच.

(दृश्य: वेल्डिंग, अगदी जवळून)

हे टिग वेल्डिंग, म्हणजे विजेच्या ज्योतीने धातू वितळवून सांधणं. त्या ज्योतीभोवती अर्गन वायूचं आवरण आहे. हवा आत शिरली की सांधा गेलाच. पत्र्याची जाडी सेंटिमीटरभरही नाही, तरी एकाच सांध्यावर थरावर थर चढवावे लागतात. हात थांबतो, तारेच्या ब्रशने सांधा घासला जातो, काचेतून नजर फिरते, पुन्हा ज्योत. मग एक्स-रे, मग अल्ट्रासोनिक. सुईच्या टोकाएवढी पोकळी दिसली तरी तेवढा भाग खरवडून पुन्हा भरायचा. शेवटी कवचात पाणी भरून दाब चढवतात. तिथे इस्रोचे तपासनीस उभे असतात. त्यांची सही झाल्याशिवाय हे धूड दाराबाहेर पडत नाही.

३.२ मीटर व्यासाचं हे धूड. एका एस-२००मध्ये असे तीन तुकडे. काही इथून जातात, काही पवईच्या लार्सन अँड टुब्रोतून. (सांगायला अभिमान वाटतो, दोन्ही पत्ते महाराष्ट्रातले.)

(दृश्य: ट्रेलरवर चढवलेला तुकडा, रात्रीचा रस्ता)

ट्रेलर निघाला की गावातून जाताना विजेच्या तारांवर लक्ष ठेवावं लागतं. पुढे श्रीहरिकोटात आत रबराचं अस्तर, मग इंधन, मग तिन्ही तुकड्यांची जोडणी. दोन मिनिटांत सगळं जळतं आणि रिकामं कवच बंगालच्या उपसागरात पडतं.

(दृश्य: एचएस-२००ची जमिनीवरची चाचणी)

१३ मे २०२२. हा एचएस-२००, त्याच एस-२००चा गगनयानासाठीचा अवतार. २०३ टन इंधन, १३५ सेकंद. आता वर माणूस बसणार, त्यामुळे तुकड्यांमधल्या सांध्यांवर सर्वांत कडक नजर आहे. कारण उघड आहे. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान गेलं ते अशाच घन इंधनाच्या बूस्टरच्या, म्हणजे बाजूच्या नळकांड्याच्या, सांध्यातून. थंडीने रबरी कडं आखडलं, तप्त वायू बाहेर आला. सात जण गेले.

१८ डिसेंबर २०२४ला गगनयानाच्या पहिल्या मानवरहित उड्डाणासाठी बूस्टरच्या तुकड्यांची जोडणी श्रीहरिकोटात सुरू झाली. उड्डाणाच्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात वेग आणि उंचीचे आकडे पळतील. त्यांच्याखाली एक ओळ मावते. कवच कुठे बनलं, एवढं तरी तिथे लिहायला हरकत नाही.