वापरलेली रायफल: पारख आणि किंमत

पडद्यावर दोन जुन्या रायफली शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एकीचा लाकडी दस्ता लखलखतो आहे आणि पोलादावरचा निळसर काळा रंग जणू कालच चढवला असावा असा दिसतो. दुसरीचा दस्ता ओरखड्यांनी भरलेला असून, उचलताना हात जिथे पडतो तिथला रंग उडून धातू उघडा पडला आहे. नवख्या ग्राहकाचा हात साहजिकच पहिलीकडे जातो. जाणकार मात्र आधी दुसरी उचलतो, कारण जुन्या हत्यारावरची नवी चकाकी कुणीतरी मुद्दाम आणलेली असते आणि ती का आणावी लागली, हे किंमत विचारण्याआधी कळलेले बरे.

रायफल हाती घेताच नळीचे तोंड सुरक्षित दिशेला वळवून, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढून, चेंबर (काडतूस बसते ती नळीची मागची पोकळी) आणि मॅगझिन (काडतुसांचा साठा) रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करून घ्यावी. विक्रेत्याने ती आपल्यासमोर केली असली तरीही.

आता कॅमेरा एका साध्या स्क्रूवर स्थिरावतो. त्याच्या माथ्यावरच्या खाचेच्या कडा फाटून वर आल्या आहेत, म्हणजे चुकीच्या मापाच्या पेचकसाने तो कुणीतरी फिरवला आहे. आत काय उद्योग झाला हे तो सांगू शकत नाही, पण झाला एवढे नक्की सांगतो. धातूवर ठसवलेली अक्षरेही अशीच बोलकी असतात. त्यांच्या कडा धारदार न राहता गुळगुळीत, पसरट झाल्या असतील, तर गंजाचे खड्डे घालवण्यासाठी धातू घासला गेला आणि नंतर त्यावर रंग चढवला गेला, असे समजायला हरकत नाही.

खरी किंमत मात्र नळीच्या आत असते. बोल्ट काढून मागच्या बाजूने पाहण्यापूर्वी नळीतून कोरडे फडके फिरवण्याची परवानगी मागावी, कारण तेलाने माखलेली कोणतीही नळी आतून गुळगुळीतच भासते. नंतर समोरून उजेड धरला की गोळीला फिरकी देणारे पिळाचे आटे दिसू लागतात. जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळल्यावर मागे जो क्षार उरतो, तो हवेतील ओल ओढून घेतो आणि तेलात विरघळत नाही. पाण्याने न धुतलेल्या कित्येक नळ्या त्यामुळे आतून काळवंडल्या आणि खड्डेदार झाल्या. अशी नळी पाहताच नाक मुरडण्याची गरज नसते. आट्यांच्या उंच कडा शाबूत असतील, तर डागाळलेली नळीही पुष्कळदा नेमका मारा करते. उलट चकचकीत नळीत चेंबरच्या लगतचा भाग करडा पडून सुकलेल्या चिखलासारखा भेगाळला असेल, तर तिचे आयुष्य बरेचसे सरले आहे. अरुंद नळीतून भरपूर दारू जाळणाऱ्या काडतुसांमुळे ही झीज फार लवकर होते.

नळीचे तोंडही भिंगाखाली पाहावे. पुढून साफसफाईची सळई वर्षानुवर्षे घासली गेल्यास तिथले भोक एका बाजूला झिजते, आणि गोळीचा अखेरचा स्पर्श तिथेच होत असल्याने नेम बिघडतो.

बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे अडते तिथपर्यंतचे अंतर, म्हणजे हेडस्पेस, नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ‘गो’ गेजवर, म्हणजे चेंबरमध्ये घालायच्या ठरावीक मापाच्या तुकड्यावर, बोल्ट बंद व्हावा आणि ‘नो-गो’वर होऊ नये, ही मोजणी बंदूक कारागिराकडून करून घ्यावी, तिथे पैसे वाचवण्यात काहीच अर्थ नाही. काही दोष तर बाहेरून मुळीच दिसत नाहीत. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात बनलेल्या १९०३ मॉडेलच्या 8,00,000 पेक्षा कमी क्रमांकाच्या कित्येक रायफलींचे रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला पोलादी सांगाडा) सदोष उष्णोपचारामुळे ठिसूळ निघाले होते. त्या संग्रहात शोभतात. त्यांतून गोळी झाडू नये.

भावाची बोलणी सुरू करताना विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती नव्हे, तर तशीच रायफल प्रत्यक्षात कितीला विकली गेली, हे आधार म्हणून धरावे. त्यातून नवी नळी किंवा दुरुस्ती लागणार असेल तर तो खर्च वजा करावा. ‘दुर्बीण फुकट देतो’ या बोलण्याला फारसे महत्त्व देऊ नये, कारण जुन्या दुर्बिणीला सहसा कमीच भाव येतो. आपण शिकारी किंवा नेमबाज आहोत की संग्राहक, हेही आधी ठरलेले असावे. लष्करी रायफलीला दुर्बिणीसाठी पाडलेली भोके नेमबाजाला सोयीची वाटतील, पण संग्राहकाच्या लेखी ती किंमत पाडतात. नावाचाही भाव असतो: विंचेस्टरच्या मॉडेल 70 ची बांधणी 1964 मध्ये खर्च कमी करण्यासाठी बदलली गेली, म्हणून त्याआधीच्या रायफलींना आजही जादा दाम मोजला जातो.

पुन्हा त्याच दोन रायफली. लखलखणारीच्या बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळत नाही, म्हणजे तो बोल्ट दुसऱ्या कुठल्या तरी रायफलीचा आहे. ओरखड्यांच्या रायफलीचे दोन्ही क्रमांक एकच आहेत, आणि तिच्या स्क्रूंना अजून कुणी हात लावलेला नाही.